टॉवेलाआड बांधलेलं पपनस

मी चौथी पास आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझं शुद्धलेखन तपासत बसायला नको. पण डोळा भरण्यात पुणे जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हेही त्याच दमात सांगतो.

धायरीत आज जिथं आमची सोसायटी आहे आणि पाहुण्यांनी गाड्या बाहेर लावाव्यात अशी पाटी आहे, तिथं माझी रोपवाटिका होती. लिंबू, मोसंबी, बोर, गुलाब. डोळा भरायचा म्हणजे काय, तर चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक कोंब सालीच्या टिकलीसकट अलगद काढायचा आणि जंगली रोपाच्या सालीत बसवून पट्टीनं बांधायचा. तीन आठवड्यांत तो जीव धरतो. मग मुळं जंगली झाडाची आणि फळ चांगल्या झाडाचं. काप कसा घ्यायचा हे पुस्तकात चित्र काढून दाखवलेलं असतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं जे होतं ते अंगठ्यात होतं, आणि ते मी इथंही लिहिणार नाही.

हे काम मी जवळजवळ आयुष्यभर टॉवेलाआड केलं. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढं ओढायचा, पार हातांपर्यंत, आणि आत बसून बांधायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, काडीला ऊन लागतं. खरी गोष्ट अशी की कुणाला अंगठा दिसू नये. मी स्वतः माझ्या मामाकडून चोरून शिकलो. तो शिकवत नव्हता. पुढं मी एकदाच एका नात्यातल्या माणसाला समोर बसवून सगळं दाखवलं. त्यानं दोन वर्षांत लोणी काळभोरला स्वतःची रोपवाटिका काढली आणि माझीच गिऱ्हाइकं माझ्यापेक्षा गोड बोलून नेली. तेव्हापासून टॉवेल.

हे सांगायचं कारण, गेल्या वर्षी समुद्रातल्या एका बेटावर एका माणसाचं पपनसाचं झाड मरायला टेकलं होतं, आणि माझ्या मुलीनं मला न विचारता त्याला माझा हात कबूल केला होता. मला हे तिथं पोचल्यावर कळलं. तुम्हाला आधी सांगतोय.

मुलगी आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. चांगल्या नोकऱ्या होत्या. एके दिवशी दोघांनी नोकऱ्या सोडल्या, फ्लॅट विकला आणि परदेशात एक जुनी शिडाची बोट घेतली. मी विचारलं, नोकरीवरून काढलं का? नाही म्हणाले. कुणी मागं लागलंय का? नाही म्हणाले. मग माणूस भरल्या घरातून उठून पाण्यावर का राहायला जाईल, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जावई पेठेतला. हसून बोलतो आणि नंतर दोन दिवसांनी कळतं की आपल्याला टोमणा मारला होता. आमच्याकडची रीत म्हणून मला मामा म्हणतो. मी त्याला पाव्हणं म्हणतो.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. मी एकटा गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले चढताना बघत होतो, तेवढ्यात मुलीनं विमानाचं तिकीटच पाठवलं. दीड महिना या म्हणाली. न मागता तिकीट आलं की माझ्या मनात पहिल्यांदा शंका येते. त्यातून तिनं फोनवर तीनदा बजावलं, "दादा, कलमाचा चाकू तेवढा आणा." सगळ्यांच्या मुली बापाला सांगतात औषधं आणा, स्वेटर आणा. ही चाकू आणा म्हणते. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, असू दे जवळ. मी तो धोतरात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातला आणि विमान उतरेपर्यंत मला खात्री होती की कुठल्या तरी साहेबासमोर मला उभं करणार. तसं झालं नाही. त्याचाही मला संशयच आला.

बोटीबद्दल फार लिहीत नाही. आमच्या विहिरीवरची मोटारीची खोली याहून मोठी होती. चार दिवस आणि तीन रात्री आम्ही वाऱ्यावर होतो आणि त्यातले पहिले दोन दिवस मी बादलीशीच बोलत होतो. जावई म्हणाला, "मामा, तुमच्या पोटात काही उरलं नसेल तर नांगर टाकायला घेऊ का?" आम्ही त्या बेटाच्या खाडीत शिरलो तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली. बेटाचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तिन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, सिंहगडाच्या कड्यासारखे पण वरपासून खालपर्यंत हिरवे. मधोमध एक खोरं आत गेलेलं आणि त्या खोऱ्यातून वाऱ्याबरोबर पिकलेल्या आंब्यांचा वास. दिवाळी नुकतीच झाली होती. त्या दिवसांत आंबे?

दुसऱ्या दिवशी सकाळी रबरी होडीनं किनाऱ्यावर गेलो आणि खोऱ्यात चालायला लागलो. मुलगी पुढं, जावई मधे, मी मागं. मी मुद्दाम मागं राहतो, म्हणजे सगळं दिसतं.

आणि जे दिसत होतं ते मला पटत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबे, लाल मातीत पडून फुटलेले, वर गांधीलमाश्या. पेरू पडलेले. पपया झाडावरच पिकून पक्ष्यांनी पोखरलेल्या. केळीचे घड वाकून ओढ्याच्या पाण्याला टेकलेले. लिंबं तर वाटेत पायाखाली येत होती. फणसासारखं पण काटे नसलेलं एक फळ, डोक्याएवढं, तेही पडलेलं. कुठं कुंपण नाही, काटेरी तार नाही, राखणदार नाही. मी पन्नास वर्षं फळझाडांमधे काढली. आमच्याकडं पेरूला पिवळी छटा आली की रात्रीतून झाड मोकळं होतं. सोसायटीत आता एकच लिंबाचं झाड उरलंय, त्याच्यावर कॅमेरा लावलाय. आणि इथं माल जमिनीवर कुजतोय आणि उचलायला कुणी नाही. याचा अर्थ दोनच. एक तर ही फळं खाण्यासारखी नाहीत, नाही तर कुणीतरी झाडाआडून बघतंय.

थोडं वर गेल्यावर झाडीत दगडी चौथरे दिसले. मोठाले, घडीव, जुन्या घरांचे. चौथऱ्यांच्या मधून झाडं उगवलेली. एवढी घरं होती तर माणसं गेली कुठं? नारळाच्या प्रत्येक बुंध्याला डोक्याएवढ्या उंचीवर पत्र्याचा पट्टा गुंडाळलेला. ही काहीतरी खूण आहे असं माझ्या मनानं घेतलं.

जावयानं खाली वाकून एक आंबा उचलला.

मी म्हटलं, "पाव्हणं, ठेवा तो खाली. कुणाचा हाय ते विचारलं का?"

"मामा, विचारायला कुणी दिसलं तर विचारतो ना."

"दिसत न्हाई म्हणूनच म्हणतोय."

त्यानं तो ठेवला. ठेवताना त्यावरची माती पुसून, व्यवस्थित, पेठेतल्या दुकानात माल परत ठेवतात तसा ठेवला. मला समजलं तो काय म्हणतोय ते.

मला जास्त खटकत होतं ते दुसरंच. वाटेला तीन ठिकाणी फाटे फुटले आणि तिन्ही ठिकाणी मुलगी न थांबता वळली. मी विचारलं, तुला वाट कशी ठाऊक? ती म्हणाली, ओढ्याच्या कडेनं जायचं एवढंच. पण मधल्या फाट्याला ओढा डावीकडं होता आणि ती उजवीकडं वळली होती.  मनात नोंद केली.

मग झाडीतून तो आला. माझ्याच वयाचा, पण दुप्पट रुंद. अंगात बनियन, मनगटापासून दंडापर्यंत काळंभोर गोंदण, आणि हातात कोयता. पुण्यात हल्ली कोयता घेऊन कोण फिरतं ते रोज पेपरात येतं, त्यामुळं मी जागच्या जागी थांबलो. मुलगी मात्र हसत पुढं गेली. त्यानं कोयता बगलेत धरला आणि तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. मग जावयाच्या. ओळख नसलेला माणूस असं करत नाही. मी टॉवेल गळ्याभोवती घट्ट केला. माझ्याकडं आला तेव्हा मी लांबूनच हात जोडले.

त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं आणि जावई मला मराठीत सांगत होता. माझा पहिला प्रश्न, ही झाडं कुणाची? तो म्हणाला, प्रत्येक झाडाला मालक आहे. हा आंबा त्याच्या मावशीचा, तो पलीकडचा शेजाऱ्याचा, केळी त्याची. कुणी आपणहून घ्यायचं नाही, विचारायचं, मग देतात. मी जावयाकडं बघितलं. एवढंच. पत्र्याचं विचारलं तर म्हणाला, उंदीर वर चढून नारळ पोखरतात म्हणून पत्रा. हे मात्र मला आवडलं. उंदराला पाय घसरायला लावायचं. हा माणूस अगदीच वेडा नव्हता.

मग त्यानं फळं द्यायला सुरुवात केली. थांबेना. एक घड केळी, गोणीभर आंबे, लिंबं, तो बिनकाट्यांचा फणस, पपया. मी मुलीला म्हटलं, किती म्हणतोय ते आधी विचार. ती म्हणाली, काही घेत नाही. मी म्हटलं, मग नको. ती म्हणाली, नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. एवढा माल मार्केट यार्डात उतरवला तर दहा माणसं बोली लावायला धावली असती, आणि हा माणूस घाम पुसत आणखी एक पपई काढत होता. मी मुलीला सांगितलं, हा काहीतरी घेणार. आज नाही तर उद्या. लिहून ठेव. ती हसली, पण माझ्या नजरेला नजर देईना.

शेवटी त्यानं एक पपनस आणलं. हिरवंच, फार मोठं नाही. तिथंच कोयत्यानं सोललं आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली. मी वास घेतला. मग खाल्लं.

आमच्याकडचं पपनस म्हणजे गणपतीच्या दिवसांत आणायचं, मीठ लावायचं आणि तोंड वाकडं करायचं. हे तसं नव्हतं. कडू पापुद्रा नाही, बी जवळजवळ नाही, रस मनगटावरून कोपरापर्यंत. मी इतकी वर्षं लिंबू आणि मोसंबीत काढली, पण असली फोड खाल्ली नव्हती. मी तसं बोललो नाही. म्हटलं, बरं आहे.

त्यानं आम्हाला झाडाकडं नेलं आणि मला एका नजरेत सगळं कळलं. बुंध्याला तीन बाजूंनी डिंक आलेला, साल काळी पडून सुटलेली. आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. वेळेत खरवडून चुना-मोरचूद लावलं असतं तर वाचलं असतं. आता बुंध्याभोवती ते पूर्ण फिरलं होतं. वर एकच फांदी खऱ्या हिरव्या रंगाची होती, बाकीची पानं पिवळी. झाडाला फार तर एखादा मोसम होता. त्याच्या बापानं लावलेलं झाड, खोऱ्यात असलं दुसरं नाही. बिया लावून बघितल्या, तर एकाला आंबट फळ आलं आणि एकाला अजून आलंच नाही. आलं तरी असलं येणार नाही. पपनसाचं बी आपल्या आईवर जात नाही.

तो झाडाजवळ उभा राहून माझ्याकडं बघत होता. जावई बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "दादा, गेल्या वर्षी आम्ही इथं आलो होतो. मी त्यांना सांगितलं, माझे वडील हे झाड वाचवतील. मला दुसरं कुणी माहीत नाही जो वाचवेल."

म्हणजे तिकीट, चाकू आणि न विचारता वळलेले तीन फाटे. सगळं एका रेषेत आलं.

मी तिला विचारलं, "हे मला पुण्यात का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता का?"

मी वाटेला लागलो. बोटीवर परत आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. मुलीला वाटलं मी रागावलोय. रागावलो होतोच. आपल्याच मुलीनं आपल्याला गोणीत घालून आणल्यासारखं आणलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून माझा उजवा अंगठा थरथरत होता. चहाच्या कपाला चालून जातं, दोन्ही हातांनी धरायचा. सोसायटीत सगळे म्हणतात, आजोबा कसे चवीनं चहा पितात. पण डोळ्याला नाही चालत. सालीची ती टिकली नखाएवढी असते. चाकू केसाएवढा इकडंतिकडं झाला की आतला कोंब तुटतो आणि वर नुसती साल राहते. वरून दिसत नाही. तीन आठवड्यांनी कळतं.

तिथून पाचव्या दिवशी निघायचं होतं. जावई म्हणाला, वारा त्यानंतर फिरणार. दोन दिवस मी बोटीतून उतरलो नाही. तो बेटावरचा म्हातारा रोज सकाळी किनाऱ्यावर येऊन फळं ठेवून जायचा आणि एकदा बोटीकडं बघायचा. हात हलवायचा नाही, हाक मारायचा नाही. मला वाटलं, ही मागणी घालायची पद्धत चांगली आहे. तोंडानं काही मागायचं नाही आणि समोरच्याला झोपू द्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी चाकूला धार लावली आणि मुलीला म्हटलं, चल. ती लगेच होडीत उतरली. जावयानं होडी सोडताना विचारलं, "मामा, एखादा व्हिडिओ काढला तर चालेल? लोकांना उपयोग होईल." ज्याच्यासाठी टॉवेल ओढायचा, हाच तो माणूस. लोणी काळभोरवाल्यानं दोन वर्षं तरी घेतली होती. हा अंगठा दोन मिनिटांत जगभर पाठवणार. मी सांगितलं, फोन बोटीवर राहील. दोघांचे.

म्हाताऱ्यानं घराजवळ जंगली लिंबाची सहा रोपं ठेवली होती, बोटाएवढ्या जाडीची, साल सहज सुटत होती, म्हणजे डोळा भरायला तयार. मुलीनं त्याला गेल्या वर्षीच सांगून ठेवलं असणार. त्या एका हिरव्या फांदीवरून मी काडी घेतली. बांधायला पावाच्या पिशवीच्या पट्ट्या कापल्या. मग मुलीला आणि जावयाला ओढ्याकडं तोंड करून बसायला लावलं, म्हाताऱ्यालाही खुणेनं लांब बसवलं, आणि टॉवेल डोक्यावरून पुढं ओढला.

हा टॉवेल सोलापुरी, लाल काठाचा. एका कोपऱ्याला बायकोनं हिरव्या दोऱ्यानं टाका घातला होता, म्हणजे दोरीवरून शेजारच्यांनी उचलला तर ओळखता यावा. आमच्या घरात संशय घ्यायला मी एकटाच नव्हतो.

पहिला डोळा फाटला. दुसऱ्याचा कोंब तुटला, मी पट्टी बांधायला घेतली आणि लक्षात आलं की मी एका मेलेल्या सालीला नीट गुंडाळतोय. टॉवेलाआड अंधार, लिंबाच्या सालीचा वास आणि माझा अंगठा, स्वतःच्या मनानं हलणारा. इतकी वर्षं टॉवेल मी ओढला तो माझं काम कुणी बघू नये म्हणून. त्या दिवशी तो माझं काम होत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून होता. बाहेरून जावयाचा आवाज आला, "मामा, चहा सांगू का? अर्धा तास झाला." मुलगी त्याला गप्प बस म्हणाली.

काडीवर आता सातच चांगले कोंब होते. फांदी एकच. आणखी दोन माझ्या हातून गेले असते तर मी बाहेर येऊन काय सांगणार होतो? रोपं चांगली नाहीत म्हणून सांगता आलं असतं. म्हाताऱ्यानं मानलंही असतं. हे मी टॉवेलाआड बसून दोन वेळा मनात म्हणून बघितलं.

मग मी टॉवेलाची कड उचलली आणि म्हाताऱ्याला बोटानं बोलावलं. तो रांगत आला. त्याचं डोकं मी आत घेतलं आणि टॉवेल परत खाली सोडला. दोन म्हाताऱ्यांची डोकी एका टॉवेलात. त्याच्या अंगाला खोबऱ्याच्या धुराचा वास होता.

त्यानं माझा अंगठा बघितला. मला आधी वाटलं हसेल. तो हसला नाही. त्यानं चाकू माझ्या हातातून घेतला नाही, तळहात वर करून नुसता पुढं धरला. मी चाकू त्यावर ठेवला.

भाषा नव्हती, ते बरं झालं. भाषा असती तर मी काहीतरी लपवलं असतं. मी त्याचा अंगठा धरला, ढोबळ, तुरटीच्या खड्यासारखा, आणि चाकूच्या मागं कुठं टेकवायचा, कधी दाब सोडायचा, टिकली सुटताना मनगट नाही तर कोपर कसं मागं घ्यायचं, ते सगळं हातानं दाखवलं. त्याचा पहिला डोळा वाया गेला. मी मराठीत शिव्या दिल्या, त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, बहुतेक तेच. पण तो बेटावरचा, आयुष्यभर मासे सोललेला माणूस. सालीला आणि कातड्याला फार अंतर नसतं. दुसरा डोळा त्यानं असा काढला की मी तो उजेडाकडं धरून बघायला टॉवेल जरासा वर केला. आतला कोंब शाबूत होता. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा मारला. त्यालाही ते समजलं.

सहाही रोपं त्यानंच बांधली. कोंब वरच्या बाजूला आहे ना, एवढं मी बघत होतो.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोघांचे चेहरे उकाड्यानं लाल झालेले. मुलगी माझ्याकडं, त्याच्याकडं आणि माझ्या हाताकडं बघत होती.

"दादा, शिकवलंत त्यांना?"

मी म्हटलं, "ऊन लागत होतं त्याला."

निघायच्या दिवशी त्यानं पुन्हा गोणीभर फळं दिली. मी या वेळी नको म्हटलं नाही. त्यानं गालाला गाल लावला, तोही मी लावून घेतला. बोट खाडीच्या बाहेर पडली आणि मी मान पुसायला खांद्यावर हात नेला तर टॉवेल नव्हता.

बोट केवढी ते मी सांगितलंच आहे. मी ती तीन वेळा उलथीपालथी केली. इंजिनाजवळ जावयाचा एक तेलकट फडका सापडला, त्याचा काठ मी उजेडात धरून बघितला. तो म्हणाला, "मामा, तो माझा जुना शर्ट आहे. हवा असेल तर धुऊन देतो." मी म्हटलं, माणसानं पुसायला काय घेतलं ते तरी आठवावं. मुलगी मधे पडली. पुढचे तीन दिवस मी जावयाशी बोललो नाही आणि विमानात बसेपर्यंत माझं मत बदललं नाही. हरवलेली वस्तू बोटीवर एकतर माझ्याकडं असणार नाहीतर दुसऱ्या कुणाकडं, आणि माझ्याकडं नव्हती.

धायरीला आल्यावर महिनाभर मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस बघत होतो. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची, मग जंगली रोपाचा शेंडा छाटायचा, हे मी म्हाताऱ्याला बोटं मोजून दाखवलं होतं. त्याला कळलं होतं की नाही कुणास ठाऊक. मुलीला फोनवर विचारायची इच्छा व्हायची, पण विचारलं नाही.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. त्या बेटावरून कुणा दुसऱ्या बोटवाल्यानं फोटो पाठवलेत म्हणाली, आणि ते मला पुढं धाडले. मी सोसायटीच्या बाकावर बसलो होतो. चष्मा लावून बघितलं. पहिल्या फोटोत सहा रोपं, त्यातल्या चारांना कोंब फुटून पानं आलेली. पपनसाचीच पानं, देठाला ते दुसरं छोटं पान असतं तशी. मागं जुनं झाड, पूर्ण वाळलेलं. दुसऱ्या फोटोत म्हातारा जमिनीवर बसलेला, शेजारी त्याच्याच वयाची एक बाई, बहुतेक त्याची आंबेवाली मावशी किंवा कुणी, आणि दोघांच्या डोक्यावरून एक टॉवेल पुढं ओढलेला. तो तिला डोळा भरायला शिकवत होता. मुलगी म्हणाली, त्यानं खोऱ्यात सगळ्यांना सांगितलंय की हे काम कापडाच्या आतच करायचं, उघड्यावर केलं तर लागत नाही. आता तिथं कुणी उघड्यावर बांधत नाही.

मी फोटो बोटांनी मोठा केला. टॉवेलाचा काठ लाल होता. पुढच्या कोपऱ्याला हिरवा टाका.

मी मुलीला म्हटलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा काहीतरी घेणार."

फोनवर तिच्या मागून जावयाचा आवाज आला, "मामा, मग बोटीची झडती थांबवू का आता?"

मी त्याला जेवला का म्हणून विचारलं. त्यानं हो म्हटलं. आमच्यात एवढं पुरतं.

मुलीनं विचारलं, त्या बोटवाल्याला सांगून टॉवेल परत मागवायचा का? आईच्या हाताचा टाका आहे. मी फोटोतल्या त्या बाईचा अंगठा मोठा करून बघितला. टॉवेलाच्या कडेखालून तो जरासा बाहेर दिसत होता, आणि अगदी बरोबर जागी टेकलेला होता.

म्हटलं, राहू दे. त्याच्याशिवाय त्यांचा डोळा लागायचा नाही.